पडदा बंद ठेवून

प्राणी श्वास आत घेत असताना अगदी शेवटी एक बारीक 'टक्' वाजत होतं. बशीच्या कडेला चमचा टेकावा, इतकंच. मग थोडा विराम, आणि मग लांब, घरघरता उच्छ्वास. मिक्सिंगच्या खोलीतले दिवे घालवलेले होते, समोरचा पडदा कोरा होता, आणि सगळे तो श्वास ऐकत बसले होते. मास्तरांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरत होतं. टक्, विराम, उच्छ्वास.

स्टुडिओची ही जुनी रीत होती. उन्हाळ्यातले दोन मोठे चित्रपट लागले की इथले मुख्य ध्वनियोजक, मास्तर, एका दुपारी दोन्ही लावत; चित्र नाही, नुसता आवाज. मग प्रत्येकानं दोहोंचे गुणदोष सांगायचे, आणि बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडायचं नाही. यंदा एक चित्रपट बुडत्या जहाजाचा होता, दुसऱ्या स्टुडिओचा; दुसऱ्याचा, प्राण्याच्या चित्रपटाचा, आवाज याच स्टुडिओनं केलेला होता. प्राण्याच्या चित्रपटाच्या पुढच्या भागाचं काम मास्तरांना द्यायला निर्मात्याबाई आज मुद्दाम आल्या होत्या.

"जहाजवाल्यांपासून सुरुवात करू," मास्तर म्हणाले. "पावल्या, बोल."

पडद्यावर नट चालले की त्यांच्या पावलांचे आवाज करणारा, म्हणून तो पावल्या.

"गुण एकच. जहाज बुडताना ते गप्प बसले. आपली एवढी छाती झाली नसती, आपण तिथं ढोल बडवले असते. आणि दोष म्हणजे स्फोट. सगळे विकतचे आणलेत. आयत्या बिळावर नागोबा!"

सगळ्यांत मोठ्यानं मास्तर हसले.

"आणि आपला?" निर्मात्याबाईंनी विचारलं.

"खरं सांगू? गोष्टीला बूड नाही. हिरो ठोसा मारतो तेव्हा कुणीतरी गादी झोडपतंय असं वाटतं. तसं ती गादी मीच झोडपली म्हणा. पण तो प्राणी श्वास घेतो ना बाई, तिथं सगळं माफ."

"त्या श्वासावरच तर पुढचा भाग उभा आहे. खेळणीसुद्धा त्यावरच खपतायत. पोट दाबलं की श्वास घेतं. मास्तर, केलात तरी कसा?"

"लोहाराचा भाता, दमलेला बैल आणि हे म्हातारे कान," मास्तर म्हणाले.

तिचं बोट थांबलं.

पदार्थविज्ञान शिकून ती या कामात आली होती. आवाजाचा वेग कमी केला की स्वर खाली उतरतो, माणसाचा प्राणी होतो. पण आवाज आणि विराम यांचं गुणोत्तर बदलत नाही. त्यावरूनच पहिल्याच खेळाला तिनं प्राण्याचा श्वास ओळखला होता. वडिलांच्या आजारपणात डॉक्टरांना ऐकवण्यासाठी तिनं त्यांचा श्वास रेकॉर्ड केला होता, आणि मागची पंख्याची घरघर काढायला स्टुडिओत आणला होता. फाइलला नाव दिलं होतं 'बाबा'. वडील गेले तेव्हा मास्तर घरी भेटायला आले होते, आईशेजारी बसले होते.

उन्हाळाभर ती गप्प राहिली ती आईसाठी. घरात तिनं चित्रपटाचं नावही निघू दिलं नव्हतं. काल भाची ते खेळणं घेऊन आली. भाचीचं रडणं ऐकून ती स्वयंपाकघरात गेली, तर आई कात्रीनं खेळण्याचं पोट उसवत होती.

"हे कुणी केलं?" मान वर न करता आईनं विचारलं होतं. "आणि तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"आता तू बोल, पोरी," मास्तर म्हणाले.

"जहाजवाल्यांचे स्फोट विकतचे आहेत," ती म्हणाली. "पण विकत घेतलेले आहेत. मी तो गुण धरते."

पावल्या फिस्सकन हसला.

"बरं, आणि आपल्यातला दोष?"

"श्वास अर्धाच वापरलाय. पूर्ण ऐकवते."

तिनं पुढे वाकून कळ दाबली. या वेळी आवाज मूळ वेगानं आला. प्राणी आकसत माणसाएवढा झाला. टक्. ती सैल कवळी होती, हे आता कुणालाही कळलं असतं. विराम. उच्छ्वास. मग एक थकलेला आवाज म्हणाला, "झालं का गं तुझं? दे आता पाणी."



"कोण हे?" निर्मात्याबाईंनी हळूच विचारलं.

"बैल नाही," ती म्हणाली. "माझे वडील."

"दिवे लावा रे," मास्तर म्हणाले. "पोरी, हे आपण नंतर माझ्या खोलीत बसून..."

"राहू द्या अंधार. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. नियम तुमचाच आहे, मास्तर."

मास्तरांची खुर्ची करकरली. तिनं पर्समधून ते खेळणं काढलं आणि चाचपडत निर्मात्याबाईंच्या हातात ठेवलं. त्यांचा अंगठा सवयीनं पोटावर गेला आणि उसवलेल्या शिवणीतून कापसात रुतला. आवाज आला नाही.

"हा आवाज आमच्या घरचा आहे, तो मी परत नेतेय," ती म्हणाली. "दुसऱ्या भागाला मिळणार नाही, खेळण्यांनाही नाही. पहिल्यातूनही तो काढायचा. आणि मास्तर, रिकाम्या झालेल्या जागी आता तुमचा लोहाराचा भाता वाजवून दाखवा."