मतदान सुरू होईपर्यंत

उमेदवार मतदानाआधी मेला तर निवडणूक रद्द होते, हे कलम मी बायजाबाईला तिच्या चुलीपुढे बसून समजावलं. तिनं डाळीवरचं झाकण काढलं, आत पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाली, "मंग तर लय जपतीन ह्यायले."

"म्हणूनच तर ह्याचा फॉर्म भरून राहिलो, वहिनी."

'ह्यायले' म्हणजे तिचा नवरा कवडू, नागपूरच्या तांडापेठेतला हातमागाचा विणकर. लुगड्याचा काठ असा काढायचा की गांधीबागेतले व्यापारी तो नखानं खरवडून बघत, छापलेला तर नाही ना म्हणून. निवडणुकीच्या त्या उन्हाळ्याआधी त्याचं हृदय सुजलं. पाय मुसळासारखे झाले, दोन वाक्यं बोलला की तिसऱ्याला दम पुरेना. डॉक्टरनं सांगितलं, रोज इंजेक्शन, चांगलं खाणंपिणं आणि माग बंद. आता माग बंद केल्यावर पहिल्या दोन गोष्टी कुठून यायच्या, हे काही डॉक्टरनं सांगितलं नाही.

मी कचेरीपुढच्या कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचो. कायद्याची पुस्तकं वकिलांपेक्षा मी जास्त वाचली असतील, कारण मला पक्षकार कमी. लोकसभेची निवडणूक लागली होती. साल विचारू नका. मी पडलो थापाड्या, सांगितलं तरी तुम्ही त्यातून दोन वर्षं कापून घ्याल. त्या काळी कायदा असा होता की कोणीही उमेदवार, अगदी ज्याला शेजारी ओळखत नाही असा अपक्षसुद्धा, मतदान सुरू व्हायच्या आत गेला की अख्खं मतदान रद्द. पुन्हा जीपगाड्या, पुन्हा भोंगे, पुन्हा भिंती रंगवा.

मोठे उमेदवार दोन. गोपाळराव आणि ओमप्रकाशजी. विणकरांची मतं गोपाळरावांची, ती फोडायला ओमप्रकाशजींना पेठेतलाच एक अपक्ष हवा होता. मी कवडूचं नाव सुचवलं. अनामत त्यांनीच भरली. चिन्ह मिळालं शिडी.

कवडूला मी कलमाबद्दल काही बोललो नाही. तो मानी माणूस. कळलं असतं तर फॉर्म फाडून तोंडावर मारला असता. त्याला वाटलं, मी खरंच त्याला उभा करतोय.

"सूत महाग नं लुगडं सस्तं," तो म्हणाला, "हे दिल्लीत कोणी तरी बोललं पाह्यजे गा, बाबाराव."

"तूच बोल."

"बसून बोललं तर चालते ना तिथं?"

"सगळे बसूनच असतात."

माघारीची मुदत संपली त्या दुपारी मी ओमप्रकाशजींकडे गेलो आणि हात जोडून सांगितलं, की आपला शिडीवाला महिना काढेल असं डॉक्टरला वाटत नाही. ओमप्रकाशजी पेढा खात होते. तो अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला.

"बाबारावजी, ये पहले बोलना था ना!"

"तुम्ही विचारलं नाही, साहेब."

तिथून सरळ गोपाळरावांकडे. त्यांनी ऐकलं आणि आधी दार लावून घेतलं.

दुसऱ्या सकाळपासून जे सुरू झालं ते तुम्हाला खोटं वाटेल. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर. गोपाळरावांकडून संत्री, ओमप्रकाशजींकडून गाईचं दूध. दारात एक जीप कायम उभी. एकमेकांचा भरवसा नाही म्हणून दोघांचा एकेक माणूस पाळतीवर, गोपाळरावांचा लहानू आणि ओमप्रकाशजींचा गोविंदा. दिवसभर एकमेकांना शिव्या द्यायचे आणि आळीपाळीनं कवडूचा श्वास मोजायचे. पेठेत भोंग्यांना बंदी झाली. पहाटे आरवणारा एक कोंबडा जीपमध्ये घालून रामटेकला पोचवला, तो तिथं गड पाहून परत आला म्हणतात. कवडू तांडापेठेत शिंकला की सिव्हिल लाइन्समध्ये गोपाळरावांची टोपी पडायची.

आणि कवडू सुधारला, हे मात्र जसंच्या तसं घ्या. पायांची सूज उतरली. तो उशीला टेकून बसायला लागला, मग अंगणात यायला लागला. संध्याकाळी विणकर जमत आणि तो खाटेवरून सुताच्या भावावर बोले. लहानू-गोविंदाही ऐकत बसत.

"विरोधी पक्षाचे लोक हायेत," कवडू मला हळूच म्हणाला, "पण माणुसकी पाह्य. याले म्हणते निवडणूक."

मी मान हलवली. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण इतकी जड मान कधी हलवली नव्हती.

मतदानाला आठ दिवस उरले तेव्हा बायजाबाईनं मला परसात गाठलं. कवडू आत संत्रं सोलत होता.

"भाऊजी, हे मतदान पुढं नाई ढकलता येत?"

"येतं की."

"मंग काहून नाई ढकलत? एक महिना. डॉक्टर म्हणते, एक महिना अजून औषध गेलं तर जीव धरते."

"वहिनी, ते एकाच गोष्टीनं पुढं जातं."

मग तिला समजलं. पदर तोंडाला लावून ती विहिरीकडे गेली आणि उगाचच बादली सोडून बसली.

मतदान सकाळी आठला. सातलाच कवडू धुतलेलं धोतर नेसून, गंध लावून जीपची वाट पाहत अंगणात. लहानू आणि गोविंदा दोघंही घड्याळ बघत होते. आठ वाजून पाच मिनिटांनी कोणी तरी सायकलवर आलं, मतदान सुरू झालं म्हणालं. दोघं उठले. लहानूनं सलाईनची काठी उचलली, ती भाड्याची होती. गोविंदानं दुधाचा कॅन.

"काहून गा, मले न्यायची जीप?" कवडूनं विचारलं.

गोविंदा चांगला पोरगा होता. तो म्हणाला, "आता म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणायला लागली काका." आणि मागं न पाहता गेला.

मी रिक्षा आणली. शाळेपुढे रांग होती. मी म्हटलं, पुढं जा, आजारी आहेस. तो ऐकेना. "उमेदवारच रांग मोडन तं लोकाईनं काय करावं?" दीड तास उन्हात उभा राहिला. बाहेर आला तेव्हा बोटाला शाई होती आणि ओठ त्याच रंगाचे होते.

संध्याकाळी डॉक्टर आला नाही. मी गेलो तर तो खाली बघत म्हणाला, "मला मतदानापर्यंतचं सांगितलं होतं." ओमप्रकाशजींकडे मांडवात गर्दी. गोपाळराव झोपलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत निवडणुकीचं टेबल सांभाळणाऱ्या धोंडबा कारकुनाकडे गेलो.

"आणखी कुठं निवडणूक आहे का? पोटनिवडणूक चालेल."

"नागपुरात?"

"देशात कुठंही. लोकसभेला कुठूनही उभं राहता येतं."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसणं थांबवलं आणि राजपत्रांचा गठ्ठा काढला. जेवणाची सुट्टी गेली, तरी आम्ही दोघं पानं उलटत होतो. कुठंच काही नव्हतं.

चार दिवसांत पाय पुन्हा मुसळ झाले. निकाल लागला. गोपाळराव निवडून आले, शिडीला चारशे बारा मतं पडली. कवडूनं आकडा दोनदा विचारला.

"चारशे बारा लोक," तो म्हणाला. "मी तं इतक्या लोकाईले ओळखतही नाई." दम घेतला. "कागद काढ. गोपाळरावले लिहू."

मी मांडी घातली. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. मध्ये बायजाबाई त्याची पाठ धरून बसली. मजकूर एवढाच: आपण निवडून आलात, आनंद झाला. मी विरोधात उभा असून आपण माझी विचारपूस केली, संत्री पाठवली, हे विसरणार नाही. सुताचं तेवढं बोला. आपलीही तब्येत सांभाळा.

अर्ज लिहिला की वाचून दाखवायचा, ही माझ्या धंद्याची रीत. मी वाचून दाखवला.

"बरोबर हाय?" मी विचारलं.

"बरोबर हाय," कवडू म्हणाला. बायजाबाईकडे मी पाहिलं नाही. तो सही करत असताना तिनं खालून मनगट धरलं.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तिरडीला पेठेतले विणकर होते, बाकी कोणी नाही. तेरवी झाल्यावर मी पत्र घेऊन गोपाळरावांकडे गेलो. हारवाल्यांची रांग होती. माझी पाळी आली तेव्हा त्यांच्या माणसानं विचारलं, "कोणाचा अर्ज?"

मी म्हटलं, "अर्ज नाही. याच्यात काही मागितलेलं नाही."

त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं आणि मला परत दिलं.