नदीपलीकडची सनद

या, अगदी पुढच्या बाकावर सरकून बसा. आपल्या केटुराची गोष्ट सांगते.

त्या रविवारी संध्याकाळपर्यंत तिला कायद्याच्या एका कॉलेजला होकार कळवायचा होता. दोन कॉलेजं तिला घ्यायला तयार होती. एक इथलंच, अलाबामातलं, रात्रीचं. दिवसा नोकरी करून, आईला डायलिसिसला नेऊन-आणून शिकता आलं असतं. दुसरं दूर व्हर्जिनियात. आई ओरालीनं मात्र अख्ख्या चर्चला परस्पर सांगून टाकलं होतं, "पोरगी इथंच शिकणार आणि आपल्या एझ्राला सोडवणार!"

एझ्रा केटुराचा थोरला भाऊ. न केलेल्या दरोड्यापायी नदीपलीकडे जॉर्जियाच्या तुरुंगात खितपत पडलेला. त्याच्यासाठीच तर ती वकील व्हायला निघाली होती.

आणि शुक्रवारी, पलीकडच्या कोर्टात फोन केल्यावर, तिच्या पायाखालची जमीनच सरकली. जॉर्जिया वेगळं राज्य; इथल्या रात्रीच्या कॉलेजची पदवी तिथं चालत नाही, व्हर्जिनियातली चालते. इथं राहावं तर भाऊ जातो, जावं तर आई.

रविवारी चर्चमध्ये पास्टर टॉलिव्हरांचं प्रवचन बोलण्यातून गाण्यात शिरलं होतं. बायबलातल्या मोशेची आई, राजाच्या माणसांपासून वाचवायला लेकरू पेटाऱ्यात ठेवून, नदीकाठी उभी होती, आणि ऑर्गन त्यांच्या प्रत्येक शब्दामागे धावत होता. "सोड, बाई, सोड पेटारा!" सगळं चर्च झुलत होतं.

मग साक्ष द्यायची, देवानं आपलं काय भलं केलं ते उठून सांगायची, वेळ आली. ओरालीनं तिला कोपरानं ढोसलं. "ऊठ गं. सांग सगळ्यांना."

"सांग, पोरी! सावकाश सांग!" मागून आवाज आले.

"मम्मा, इथं शिकून मला एझ्रासाठी कोर्टात उभं राहता येणार नाही."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"अगं, पूल तर हा इथं आहे," सिस्टर लूडी म्हणाल्या. "मी चालत जाते पलीकडे कोंबडी आणायला!"

"माणसं जातात, सिस्टर. वकिलीची सनद जात नाही."

ओराली लेकीकडे वळली. "तुला कळलं कधी?"

"परवा."

"आणि परवापासून गप्प? म्हणे वकील होणार! तोंड उघडत नाही ते?"

कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं. ओराली बाक धरून कशीबशी उठली.

"जा तिकडे."

"तुला मरायला टाकून जाऊ?"

"मला कुणी तरी नेईल गं. त्याला कोण आणणार?" आणि फाटक्या आवाजात, ऑर्गनशिवाय, तिनं पास्टरांचीच ओळ धरली, "सोड, बाई, सोड पेटारा..." पुढचं तिला गाता आलं नाही. आम्हालाही नाही.

चर्चच्या आवारात, गाडीत बसून, केटुरानं फोनवरून व्हर्जिनियाला होकार धाडला. आईनं तिचा हात धरला होता.

एझ्रा अजून आतच आहे. ओराली आता डायलिसिसच्या दिवशी पायरीवर बसून एकटीच दवाखान्याच्या व्हॅनची वाट बघते. आज प्रार्थनेला गुडघे टेकाल तेव्हा तिची आठवण काढा.