कळपाची तोंडं

माझ्यावर सर्वाधिक ऋण आहे ते नलूआत्याचं. तिचं नाव घेतलं की आधी चेहरा येत नाही. येतो तो उन्हं कलताना माळावर तरंगणारा धुळीचा तांबूस पडदा, त्यातून झिरपणारा शेळ्यांचा उग्र, दुधाळ वास आणि तिची लांबलेली हाळी. त्या हाळीच्या, तिच्या शेळ्यांच्या पैशाच्या आधारावर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो आणि न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला गवतांच्या अभ्यासात नोकरीला लागलो.

तिचा एक रिवाज होता. जत्रेला बोकड कापायची वेळ आली की ती उरलेला कळप ओढ्यापलीकडे नेई, त्यांची तोंडं मावळतीकडे वळवी आणि पाठींवरून हात फिरवत उभी राही. रक्तावर माती पडल्यावरच परते. “त्यास्नी कशाला दावायचं?” एवढंच म्हणे. त्या बोकडाचं मग कातडंसुद्धा वाया जात नसे.

पुढे तिच्या डोळ्यांवर साय धरू लागली आणि फोनवर एकच हट्ट सुरू झाला. “तिकडच्या डोंगरातली शेळी दाव मला मोबाइलात. हालतीचालती. दिसतंय तंवर.”

म्हणून २०१६ च्या हिवाळ्यात मी दक्षिण बेटावरच्या हिमशिखरांत गेलो. इकडेच हेन्डरसनला राहणारा माझा पुण्याचा मित्र समीर ताहरच्या शिकारीला निघाला होता आणि हेलिकॉप्टरमध्ये एक जागा रिकामी होती.

ताहर म्हणजे हिमालयातला रानबोकड. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शिकारीच्या हौसेपायी त्याला इथे आणून सोडलं. मागे वळलेली आखूड शिंगं, कड्याला चिकटून राहणारे मऊ तळव्यांचे खूर आणि माजाच्या हिवाळ्यात नराच्या मानेवर वाऱ्याने लहरणारी, वाळल्या गवताच्या रंगाची आयाळ. त्याला इथे नैसर्गिक शत्रू नाही. तो डोंगरमाथ्यावरची दुर्मिळ झुडपं ओरबाडतो, म्हणून त्याची संख्या आवरावी लागते. हे मला पटतं. आम्ही मटण खाणारी माणसं. मारण्याची मला शिसारी नाही.

शिसारी आली ती त्या पाठलागाची. पात्यांच्या घरघरीने अख्खा कडा थरथरत होता. एका नराला आम्ही हेलिकॉप्टरमधून एका घळीतून दुसऱ्या घळीत पळवलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा पळवलं. त्याची जीभ बाहेर लोंबली, पाय लटपटले, तोंडाला फेस आला. तो पळायचा थांबला तेव्हा समीरने गोळी घातली. माझ्या हातातला मोबाइल सगळं टिपत होता.

खाली उतरलो. सोबतच्या वाटाड्याने मुंडकं आणि आयाळ सफाईने सोडवली. उरलेला उबदार देह दगडांवर वाफाळत राहिला.

“आणि हे मांस?” मी विचारलं.

“राहू दे रे. वास मारतं. हेड भिंतीवर लावणार, स्वीट अ‍ॅज, एकदम झकास!” समीर हसला. “ये, शिंगं धर. आत्यांना फोटो पाठव, खूप, हीप्स खूश होतील.”

“मी नाही धरणार.”

“आला मोठा संत! गावच्या जत्रेत काय पुरणपोळी खायचास?” मग जरा नरमून म्हणाला, “बरं, व्हिडिओ आहे ना? शेवट कापून टाक. आधीचा पाठव. पळतोय की मस्त.”

आत्याला हवी होती ती हालचाल माझ्या मुठीत होती.

परतल्यावर मी ती पुसून टाकली आणि पत्र लिहिलं. वडील तिला वाचून दाखवणार होते.

‘ती. आत्यास, सा. नमस्कार.

इकडची शेळी पाहिली. पाठवत नाही. ती हालत होती, पण आमच्या भीतीने. तसं हालणं तू कधी पाहिलं नाहीस, आता शेवटाला पाहू नकोस. तुझ्या डोळ्यांत आपलाच माळ राहू दे.

वरच्या कपारीत एक मादी तिचं करडू पोटाशी घेऊन उभी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती खाली बघत होती. त्यांची तोंडं वळवणारं तिथं कुणी नव्हतं, आत्या. इथे संध्याकाळ झाली की मी मान मावळतीकडे फिरवतो. पण डोळ्यांत राहिलेलं काही वळत नाही, आणि पाठीवर तुझा हात नसतो.

तुझा,
बाळू’