आधी तुमी

सुभेदार जोतिबा वॉर्डात आले, की मी आधी माझं डोकं थंड करून घेते. पुढं ते तापणारच असतं. मी अर्फा, सांगलीतल्या एका दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डाची सिस्टर. आवाज जरा मोठा आहे माझा. घरचे म्हणतात, हिला हळदीच्या सौद्यात उभी करायला हवी होती.

सुभेदारांचं असं, की गोळ्या चालू असल्या तर माणूस लाखात एक. बंद केल्या की झोप उडते, अंगात दहा जणांचं बळ येतं आणि निवृत्त झालेला गडी पुन्हा ड्युटीवर हजर. गेल्या हंगामात त्यांनी कारखान्याच्या रस्त्यावर ओंडका आडवा टाकून चेकपोस्ट उभं केलं आणि उसाच्या ट्रॉल्या अडवून ओळखपत्रं मागितली. हसू नका. ड्रायव्हरांनी सलाम ठोकून दाखवली म्हणे! शेवटी एक ट्रॅक्टर अंगावरच यायचा राहिला, तेव्हा बायकोनं, बनुबाईंनी, त्यांना रिक्षात घालून आमच्याकडं आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "घरी गेल्यावर पुन्हा गोळ्या सोडल्या, तर दरवेळी नशीब साथ देणार नाही."

आणि घरी गेल्यावर हा माणूस गोळ्या सोडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आत्तापर्यंत दरवेळी सोडल्या होत्या.

या खेपेला पहिल्याच दिवशी मी गोळी पुढं केली. सुभेदार खाटेवर ताठ बसलेले.

"आधी तुमी," म्हणाले.

"म्हणजे?"

"फौजेच्या लंगरमधी जेवण आधी सायेब चाखतोय, मग जवान खातोय. देणाऱ्यानं चाखायचं न्हाई, ही कुठली रीत?"

"सुभेदार, पेशंटची गोळी खाल्ली तर माझी नोकरी जाईल!"

"मग माजी गोळीबी ऱ्हाऊ दे."

गोडीनं सांगितलं, ओरडून सांगितलं. ढिम्म. शेवटी माझी सटकली. पर्समध्ये माझ्याच रक्तवाढीच्या गोळ्या पडून होत्या, हिमोग्लोबिन कमी म्हणून लिहून दिलेल्या. त्यातली एक काढली आणि त्यांच्यासमोर गिळली.

"ही कसली?"

"माझी आहे. रक्तवाढीची."

"रोज घेता?"

मी जवळजवळ भरलेलं पाकीट पर्समध्ये सरकवलं.

"आमाला उपदेश आन् सोताची दांडी? वा रं वा!" असं म्हणून त्यांनी त्यांची गोळी गिळली. मी सोडते होय? "आ करा. जीभ वर. डावा गाल दाखवा." कारण गालात गोळी ठेवून नंतर बेसिनमध्ये थुंकणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत.

"एवढा अविश्वास?"

"एवढाच."

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. आधी सिस्टर, मग सुभेदार. वॉर्डबॉय हसायचे. माझं हिमोग्लोबिन मात्र वाढलं, ते कुणाला सांगू नका.

घरी सोडायच्या दिवशी प्रश्न आला, तिथं आधी कोण घेणार? बनुबाई शेजारी घाम पुसत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला बरा दिसेना, म्हणून सहज हाताला बीपीचं मशीन लावलं. आकडा बघून मी पुन्हा लावलं. तोच आकडा.

"मावशी, बीपीची गोळी घेता का?" जरा वेळानं मी विचारलं.

"दिलीया डॉक्टरनं. पर माजं औंधाची यमाईदेवी बगती."

"बघू दे की. गोळीनं तिची काय अडचण होते?"

मग मी दोघांना समोरासमोर बसवून करार केला. आधी बनुबाईंनी बीपीची घ्यायची, मग सुभेदारांनी त्यांची.

"ह्यांच्यासाटनं घेती हं," बनुबाई फणकारल्या. "मला काय धाड भरली न्हाई."

दर आठवड्याला मी बनुबाईंना फोन करायचे. "घेत्यात, घेत्यात," एवढंच उत्तर. पौषात मात्र दोन दिवस फोन उचलेनात. तिसऱ्या दिवशी उचलला, तर मागं ढोल-ताशे. "मी औंधाला हाय! भावाकडं! यात्रा हाय न्हवं!" आणि फोन कट.

म्हणजे सुभेदार घरी एकटे, ऊसतोड जोरात, आणि "आधी" म्हणायला घरात माणूस नाही. फोनवर विचारावं तर ते 'घेतली' म्हणणारच. सुट्टी होती, गाडीला किक मारली आणि थेट त्यांचं गाव गाठलं. वाटभर प्रत्येक वळणावर मला ओंडका दिसत होता.

दारात पोचले तर आतून दणदणीत आवाज. "तोंड उघड! उघड म्हणतो न्हवं!" संपलं, म्हटलं. सुरू झाली ड्युटी.

आत डोकावले. सुभेदार चटईवर बसलेले, दाढी केलेली, आणि समोर तांब्याला टेकवून मोबाईल उभा. मोबाईलमधून बनुबाई वैतागून सांगत होत्या, "आवं, गिळली की! पावणं बसल्यात सगळी, लाज वाटती!"

"जीब वर. डावा गाल दाव."

बनुबाईंनी दाखवला. मग सुभेदारांनी स्वतःची गोळी गिळली आणि मोबाईलसमोर एवढा मोठा आ केला. फोन ठेवल्यावर त्यांना मी दिसले.

मी पोट धरून हसले. "सुभेदार, इतकं लांबून कशाला तपासायचं? माणूस नसताना तुमची तुम्ही घेतली असती, तर मी काय रागावले असते?"

त्यांनी मोबाईल चटईवर पालथा ठेवला.

"माजी मी घेतली असती वो, सिस्टर. पर मी अडून बसलो न्हाई, तर ती तिची घेत न्हाई. तुमी मशीन लावलं, तवा तुमचं तोंड बगितलं मी. एवढी वरडणारी बाई गप झाली. तवाच कळलं. मी चेकपोस्टवर हुतो न्हवं, तवा ती माज्यामागं रस्त्यात हुबी हुती, उपाशी. ते बीपी माज्यापायी चढलंय."

ते उठले आणि पाण्याचा पेला माझ्यापुढं धरला.

"आजची घेतली का?"

मी मुकाट्यानं पर्स उघडली.

"आ करा," सुभेदार म्हणाले. "जीब वर."