गीताबाईंचा ब्रश

गजेंद्रने पाकिटावरूनच ब्रशच्या केसांवर अंगठा दाबून पाहिला आणि तो काउंटरवर परत ठेवला.

"याच्याहून नरम दाखवा."

"नरमच आहे साहेब हा," दुकानदार म्हणाला. हा पाचवा ब्रश होता. प्लॅस्टिकवरून बोटाला काय कळणार, हे गजेंद्रलाही ठाऊक होतं. पण दाबून पाहिल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

चिखलीतल्या त्या मेडिकलच्या बाहेर, बाकावर त्याची आई गीताबाई गालाला पदर लावून बसली होती. अर्ध्या तासापूर्वी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं होतं. हिरड्या सोलून निघाल्या होत्या. खालचे दोन दात काढावेच लागणार होते.

"आजीला इतका कडक ब्रश दिला कोणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"मीच घेतला, बाजारातून," गीताबाई म्हणाली होती. खुर्चीमागे उभा असलेला गजेंद्र भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचू लागला होता.

ब्रश त्याने आणला होता. पाच महिन्यांपूर्वी, त्याच्या लेकीचा, छकुलीचा साखरपुडा झाल्यावर आठ दिवसांनी. गीताबाईने उभा जन्म मिसरी लावली. दात काळेभोर. इतकी वर्षं गजेंद्रला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण जावई मिळाला बँकेतला, सोयरे बुलडाण्याचे, शिकलेसवरलेले. साखरपुड्याचे फोटो मोबाइलवर आले आणि कॉलेजच्या ऑफिसात त्याच्या टेबलाभोवती सगळे कारकून जमले. एका फोटोत आई तोंडभरून हसत होती. गजेंद्रने तो फोटो बोटाने चटकन पुढे सरकवला. कोणी काही बोललं नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं.

त्याच संध्याकाळी त्याने दुकानात सगळ्यांत कडक ब्रश मागितला आणि रविवारी गावी जाऊन आईच्या हातात ठेवला.

"माय, पाहुणे म्हणत होते, आजीचे दात लई काळे हायेत. लग्नापर्यंत साफ कर."

कोणताही पाहुणा असं म्हणाला नव्हता. स्वतःची लाज दुसऱ्याच्या नावावर खपवणं सोपं असतं, एवढंच.

गीताबाईने त्या दिवसापासून मिसरी सोडली आणि दिवसातून तीनदा दात घासू लागली. दर आठवड्याला गजेंद्र फोनवर विचारायचा, डाग निघाले का. ती सांगायची, निघून राह्यले. रक्ताचं तिने कधी सांगितलं नाही. गेल्या रविवारी तो न कळवता गावी गेला, तेव्हा ती भाकर दुधात कुस्करून नुसती गिळत होती.

सहावा ब्रश घेऊन तो बाहेर आला आणि आईशेजारी बसला. गीताबाईने पाकीट फोडून ब्रशवरून बोट फिरवलं.

"हा तं कापसासारखा हाय. यानं डाग काय निघतीन? लग्नाले वीस दिवस राह्यले फक्त."

"राहू दे डाग."

"अन् पाहुणे?"

समोरून एक जीप माणसं भरून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत गजेंद्र तिच्याकडे बघत राहिला.

"पाहुणे काहीच म्हणले नव्हते, माय. मीच म्हणलो, अन् त्याईचं नाव घेतलं. डॉक्टरीणबाईलेबी सांगाले पाहिजे होतं मी. नाही सांगितलं."

"मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"पाहुण्याईचं," गीताबाई म्हणाली. "साखरपुड्यात जेवणं झाल्यावर नवरदेवाची आजी मले मंडपामागं घेऊन गेली. रुक्मिणीबाई. तिची मिसरीची डबी घरीच राह्यली होती. माह्या डबीतून दोघींनी लावली. अर्धा घंटा बसलो तिथं गोठी करत. तिचे दात तं माह्यापेक्षा काळे. ते लोकं मले काय नावं ठेवतीन?"

गजेंद्रला मान वर करवेना. आईने शिव्या घातल्या असत्या, तर त्याला सोसल्या असत्या.

"मंग घासत काऊन राह्यली? रक्त निघून राह्यलं होतं, तरी?"

गीताबाईने ब्रश पुन्हा पाकिटात घातला. फाटलेली कड दोनदा दुमडली आणि पाकीट पिशवीत नीट खाली सारलं.

"त्याईले नव्हती," ती म्हणाली, "पण तुले तं लाज वाटत होती ना बाबू."