घोरण्यावरची कविता

“आगं ए, भाकर जळाली! नाक गहाण टाकलंस का काय?” नागोराव वसरीवरनं वरडला.

दुर्गाबाई परातीतल्या पिठात बोटानं ‘म’ काढत बसली होती. भाकरी उलथत म्हणाली, “जळंना का. आज कुठं माझ्या ‘म’चं पोट गोल आलंय.”

विश्रांतवाडीच्या पुढं आमची चार घरं आन् मेथी-कोथिंबिरीचे वाफे तेवढे उरले होते. बाकी चहूकडं सोसायट्या. त्यातल्याच एकीत राहणारी दीपाली आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटर बडवायची आन् रविवारी विहारात बायांना लिहाय-वाचाय शिकवायची. दुर्गाबाई तिथं जाय लागली तवापास्नं नागोरावाला चेव आलता.

“म्हातारे, आता कंपनीत लागतीस व्हय? मग मला भाकर कोण थापणार?”

वरीसभरात बाई जोडाक्षरावर आली. दीपाली म्हणाली, “मावशी, बुद्धपौर्णिमेला स्वतःचं काहीतरी लिहून वाचा.”

पौर्णिमेला विहार भरला. दुर्गाबाई कागद धरून उभी राहिली. कागद एकदा उलटा, एकदा सुलटा करून बघाय लागली. मागनं नागोराव म्हणाला, “वाच की! का अक्षरं पळाली?”

तशी तिनं खाकरून सुरू केलं,

“मेथी खुडते पहाटं, भिजला माझा पदर,
धनी माझा घोरतो, हालं घराचं छप्पर!”

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. नागोराव टोपी झटकत ताडकन उठला आन् चालता झाला. दुर्गाबाईचा चेहरा उतरला.

“पुढचं वाचा, मावशी,” दीपाली हळूच म्हणाली. बाईनं वाचलं,

“घोरणं थांबलं तर बघते उठून धावून,
घोर बाबा सुखानं, मी येते मेथी घेऊन.”

कुणी हसलं नाही.

घरी दोघांचं बोलणं बंद. नागोराव भिंतीकडं तोंड करून जेवायचा. शेवटी शेजारधर्म म्हणून मीच त्याला बांधावर गाठला. “अर्ध्यातनं उठलास की मर्दा,” म्हणलं, आन् राहिलेल्या दोन वळी ऐकवल्या. तो कितीतरी वेळ खुरप्यानं ढेकळं फोडत राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, “परत म्हण.”

रविवारी बायांच्या वर्गाच्या दाराशी नागोराव उभा! बाया पदराआड हसाय लागल्या.

“या काका, बसा. ‘अ’पासून सुरू करू,” दीपाली म्हणाली.

“‘अ’ नगं, बाई. आधी ‘द’ दावा.” दुर्गाबाईकडं न बघताच तो बोलला, “हिला जबाब लिवायचाय, आन् त्यो हिच्या नावापास्नंच सुरू हुतोय.”