शिंप्याच्या घरचा फाटका कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. काळ्या लोकरी कापडाचा, आत करड्या अस्तराचा. माझ्या वयाचे कोट बोलायला लागले की आपण कसे फाटलो याचं रडगाणं गातात. माझं दुखणं उलटं आहे. मला शिवलं, हे माझं दुखणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण जरा धीर धरा.

मला एका शिंप्याने शिवलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत घर, त्यामुळे जेवायच्या ताटापर्यंत दोऱ्यांची टोकं पोचत. मास्तरांनी मला बेतलं ते थोरल्या मुलासाठी, नोकरीच्या मुलाखतीला घालायला. खांदे मनासारखे बसेपर्यंत पुन्हा पुन्हा उसवून शिवले. थोरल्याला नोकरी काही लागली नाही. तो बापाच्या शेजारी मशीनवर बसला आणि मी खुंटीवर लटकलो. तिथून मला धाकटीने काढलं.

धाकटी म्हणजे मास्तरांची मुलगी. राग सदा नाकावर. त्या काळात काही पोरं-पोरी मुद्दाम गबाळी राहू लागली होती. केस विस्कटलेले, बूट मळके, कपडे फाडलेले आणि फाडलेल्या जागी पिना. कर्कश गाणी लावून चौकातल्या पायऱ्यांवर बसत. मोठी माणसं नाकं मुरडत, आणि त्यांनी ती मुरडावीत म्हणूनच तर सगळा खटाटोप. धाकटीने माझी एक बाही खांद्यापाशी ओरबाडली, पाठीवर ब्लेडने लांब चीर दिली, खिशाचं अस्तर बाहेर लोंबवलं आणि कॉलरला पिनांची रांग लावली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मला अंगात घालून पहिल्यांदाच कुणीतरी रस्त्यावरून ताठ मानेने चाललं. खुंटीपेक्षा ते कितीतरी बरं होतं.

मास्तरांना ते बघवेना. शिंप्याची मुलगी, फाटक्या कोटात, आणि तीही दुकानासमोरून. "मास्तर, घरचंच काम मागे पडलंय वाटतं," असं एक गिऱ्हाईक हसत म्हणालंही. मग दुपारी धाकटी झोपली की ते मला मांडीवर घेऊन रफू करू लागले. कापडाच्याच आतल्या कडेचे धागे काढायचे आणि भोक विणून बंद करायचं, म्हणजे रफू. चांगला रफू शोधूनही सापडत नाही. धाकटी मात्र शिंप्याचीच पोर. ती संध्याकाळी तो बरोबर शोधून काढी आणि उसवून टाकी. दुसऱ्या दुपारी मास्तर पुन्हा सुई ओवत. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. जे काय बोलायचं ते माझ्या अंगावर.

एकदा एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळायची वेळ आली. मुख्याध्यापक दुकानात येऊन बसले आणि नेमकी तेव्हाच धाकटी आतून बाहेर आली, अंगात मी. मुख्याध्यापकांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवलं काही नाही. त्या दिवशी मास्तरांनी रफू केला नाही. मला मशीनखाली घेतलं आणि दुहेरी दोऱ्याने माझी एकेक फट दाबून टिपून टाकली. पिना काढून बटणांच्या डब्यात फेकल्या.

धाकटीने मला उचलून उलटसुलट पाहिलं. "बाबा, माझा होता तो."

"कोट मी शिवलाय. माझ्या घरात फाटकं चालणार नाही."

"मग मलाही घ्या मशीनखाली."

"पटत नसेल तर दार उघडं आहे," मास्तर बोलून गेले.

तिने माझी घडी घातली, मला काउंटरवर ठेवलं आणि ती गेली. दुकान बंद करायची वेळ टळली तरी मास्तरांनी दार लावलं नाही. ती परगावी राहिली, तिथेच कामाला लागली. थोरल्याला अधूनमधून फोन करी, बापाची चौकशी करी, पण बापाशी बोलत नसे. मास्तरही फोन हातात घेत नसत. दोघं एकाच मापाची.

मी कपाटात पडून राहिलो. मास्तर थकले, नजर अधू झाली, दुकान थोरल्याने सांभाळलं. मग एका दुपारी म्हाताऱ्याने मला बाहेर काढलं, खिडकीपाशी बसला आणि स्वतः घातलेली टीप स्वतःच उसवू लागला. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपून एकेक टाका तोडायचा. बरेच दिवस लागले. बाही सुटी झाली, पाठीवरची चीर उघडली, खिशाचं अस्तर बाहेर आलं. डब्यातून पिना हुडकून त्याने त्या कॉलरला लावल्या, दोन-चार बोटात टोचून घेतल्या. "आली की तिला हवा तसा असू दे," असं पुटपुटला. ते मी ऐकलं. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. फोन करून तिला बोलावणं मात्र त्याच्याने झालं नाही. काही महिन्यांनी तो गेला. धाकटी आली ती सगळं आटोपल्यावर, आणि मान खाली घालून परत गेली. माझं कपाट कुणी उघडलं नाही.

पुढे जग गोल फिरून पुन्हा त्याच चौकात आलं. थोरल्याची मुलगी कपड्यांचं शिक्षण घेऊन परतली. मी तिच्या हाती लागलो, तशी ती नाचायचीच बाकी राहिली. तेच विस्कटलेले केस, त्याच पिना, सगळ्याला आता पुन्हा मागणी होती. मला दुकानातल्या पुतळ्यावर चढवलं, नमुना म्हणून. कारागीर कोरे कोट शिवायचे आणि मग माझ्याकडे बघून ते फाडायचे. थोरल्याने हयातभर सरळ टीप घातलेली. तो आता इंची टेप घेऊन भोकं मोजत फिरायचा.

"अहो, नीट फाडा जरा," तो म्हणायचा. "चीर दोन बोटं खाली गेलीय. हा माल परत येईल."

आया मुलींना घेऊन येत आणि विचारत, "धुतल्यावर ही चीर वाढणार नाही ना?" कुणी चिडत नव्हतं, कुणी नाक मुरडत नव्हतं. मला त्याचाच राग यायचा. जिच्यापायी एक पोरगी घरातून गेली, ती चीर आता लहान, मध्यम आणि मोठ्या मापात मिळत होती.

मास्तरांच्या या नातीने माझा फोटो मोबाइलवरून जगभर पाठवला. तो धाकटीने पाहिला आणि फोन केला. नात फोन काउंटरवर ठेवून बोलत असे, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"फोटोतला कोट खरा आहे, की तुमच्याकडच्या मालातला?"

"खरा गं आत्या. आजोबांच्या कपाटातला."

"मग फाटका कसा? बाबांनी मशीन मारून बंद केला होता."

"मला असाच सापडला. पिनांसकट."

मग ती म्हणाली, "मी येते. मला तो बघायचाय."

नातीने बापाला निरोप दिला, आत्या येतेय, तिला कोट हवाय. आणि ती माल घेऊन दुसऱ्या गावी गेली. थोरला विचारात पडला. बहीण इतक्या वर्षांनी येणार आणि तिच्या हातात चिंध्या ठेवायच्या? दुरुस्तीला आलेला कपडा या दुकानातून फाटका परत जात नसे, सुटलेलं बटणसुद्धा फुकट लावून मिळे. त्याने मला मांडीवर घेतलं. बापाचाच चेला. खूप दिवसांनी मनासारखं काम मिळालं म्हणून गुणगुणत बसला आणि असा रफू केला की पिनांची भोकंसुद्धा बुजली. त्याच्या मनात काळंबेरं असतं तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने सगळं मायेने केलं.

धाकटी आली. केस पिकलेले, चाल तीच. थोरल्याने मला इस्त्री करून तिच्यापुढे ठेवलं. तिने मला उलटं करून पाठ उजेडात धरली.

"दादा, हा तर शिवलेला आहे."

"मी शिवला. बघ, सापडतोय का रफू."

"पोरगी म्हणाली, फाटका होता."

"होता ना. बाबांनीच उसवून ठेवला होता शेवटी शेवटी. दिसत नव्हतं, काय करतोय ते कळत नव्हतं त्यांना. खिडकीत बसून आपलं उसवत राहायचे. पिनाही टोचून ठेवल्या होत्या."

धाकटीने माझी कॉलर चाचपली. "पिना कुठे लावल्या होत्या?"

"कॉलरला. का गं?"

"आणि पाठीवर?"

"एवढी मोठी चीर होती. आता शोधून दाखव."

तिने पाठीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. काही लागलं नाही.

"हे मला कधी सांगितलं नाहीस, दादा."

"त्यात काय सांगायचं? म्हातारं माणूस ते." मग तिचा चेहरा पाहून तो चपापला. "तुला फाटकाच हवा होता का? अगं, बाहेर इतके लावलेत. थांब, तुझ्या मापाचा काढतो." आणि खरंच काढायला गेला.

धाकटीने काउंटरवरची कात्री उचलून माझ्या पाठीला लावली. मी मनात म्हटलं, चालव. पण तिने ती खाली ठेवली. थोरला नवा कोट घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "मी उसवला तर तो मी उसवलेला होईल, दादा. बाबांनी उसवलेला तू शिवून टाकलास." थोरला तो नवा कोट हातात धरून तसाच उभा राहिला.

आता मी तिच्या कपाटात असतो. चारचौघांत घालून जावा इतका धड आहे, पण ती मला घालत नाही. मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी 'आमची काळजी घ्या' म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. माझी काळजी फार घेतली गेली. तुम्ही एवढंच करा. कुणाचं काही फाटलेलं दिसलं तर सुई ओवण्याआधी त्याला विचारा, हे कुणी फाडलं आणि कशासाठी. बापाला लेकीशी जे बोलता आलं नाही, ते माझ्या पाठीवर होतं. तिथे आता नुसतं कापड आहे.